खारट हवेतली चिकटवही

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यालगतच्या घरात लग्नाचा जुना अल्बम बघायचा असेल तर पाऊस लागायच्या आत बघून घ्यावा. जुलैत उघडला तर फोटो एकमेकांना धरून बसलेले असतात. ओढून सोडवायला गेलं की नवऱ्याचा फेटा एका पानावर राहतो आणि चेहरा दुसऱ्या पानावर जातो. दोष फोटोग्राफरचा नाही. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. तो दमट हवेतलं पाणी पिऊन मऊ पडतो, आणि समोरासमोर दाबलेले दोन मऊ थर वाळताना एकजीव होतात. बुरशीचं गणितही सोपं आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की तिला कागदावर पसरायला एवढं पुरतं, आणि कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता याच्या पुष्कळ वर असते. भरीला वाऱ्याबरोबर येणारं मीठ. ते कागदावर बसलं की ओल धरून ठेवतं.

छोटे सजावटी अल्बम हाताने करण्याचं हे प्रकरण म्हणून मी मुद्दाम थळवर बेतलं आहे. या छंदावरची बहुतेक पुस्तकं परदेशात, कोरड्या हवेच्या घरात बसून लिहिलेली. त्यांतला दुतर्फा चिकटपट्ट्यांचा, प्लास्टिकच्या पाकिटांचा आणि धातूच्या टिकल्यांचा थाट इथे दोन पावसाळ्यांतच उतरतो. चिकटपट्टी सुटते, टिकलीभोवती गंजाचं कडं उमटतं. ज्या किनाऱ्यावर वही राहणार त्या किनाऱ्याची हवा सोसणारा कागद, खळ आणि घडी निवडली, तर हाताच्या पंजाएवढा अल्बम पुढच्या पिढीच्या हातात धडपणे जातो. छोटा असण्याचा फायदा असा की तो वरचेवर उघडला जातो, आणि उघडलेल्या पानाला वारा लागतो.

हा छंद अमेरिकेत भरभराटीला आला हे खरं. लेखक मार्क ट्वेनने १८७३ साली एका चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. तिच्या पानांना डिंक आधीच लावलेला असे. पान ओलं करायचं आणि कात्रण बसवायचं. (थळच्या जुलैत ती वही आपली आपणच बंद होऊन बसली असती.) पण आपल्याकडे अल्बमची हौस त्याहून जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढला. फोटो छापायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून त्याच्या पानांवर खरे फोटो डकवलेले असत. त्याच १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने पत्त्याच्या पानाएवढ्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छायाचित्रांचं पेटंट घेतलं. ती जगभर गेली, ती ठेवायला खाचा पाडलेले छोटे अल्बम निघाले, आणि आजच्या मिनी अल्बमचं घराणं तिथून सुरू झालं.

मराठी घरांत त्याच्या तीन पिढ्या सापडतात. पहिली काळ्या पानांची: चार कोपऱ्यांना त्रिकोणी चिमट्या, आणि दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उमटवलेला पातळ कागद. दुसरी चिकट पानांची, वर प्लास्टिकचा पडदा ओढलेली. तिसरी म्हणजे रोल धुवायला दिला की स्टुडिओवाला फुकट द्यायचा तो पोस्टकार्ड साइझच्या पाकिटांचा अल्बम. यात सर्वांत शहाणी पहिलीच. तिच्यात फोटोला कुठेही डिंक लागत नव्हता आणि फोटोसमोर फोटो येत नव्हता. चिकट पानांचा अल्बम मात्र घरात असेल तर त्यातले फोटो आजच सोडवायला घ्या. तो गोंद पिवळा पडून फोटोच्या पाठीत मुरतो, आणि मग फोटो निघत नाही.

कागद

वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, कारण लाकडातलं लिग्निन त्यात शिल्लक असतं. उजेड आणि हवा लागली की ते रंग बदलतं आणि कागद ठिसूळ होतो. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात ही भानगडच नाही. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. ग्रामोद्योगाच्या चळवळीतून, गांधीजींच्या प्रेरणेने, कृ. भ. जोशी यांच्या खटपटीने ती १९४० साली उभी राहिली. कापडाच्या कातरणांचा लगदा करायचा, तो पाण्यात सोडायचा, जाळीच्या साच्यावर उचलायचा, दाबून पाणी काढायचं आणि ताव वाळत घालायचे, अशी ही पद्धत. साचा हलवून उचलताना तंतू सगळ्या दिशांना बसतात, त्यामुळे हा कागद उभा-आडवा कसाही दुमडला तरी घडी सरळ पडते. गिरणीच्या कागदाचे तंतू एकाच दिशेने झोपलेले असतात. तो आडवा दुमडला की घडीवर तडकतो आणि दमट हवेत एका बाजूने वळतो. कार्डशीट घेणार असाल तर आधी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकेल, घडी त्या बाजूने घालायची.

हातकागदाचं आपल्या मुलखाशी नातं जुनं आहे. पेशवाईतल्या मोडी दफ्तरात जुन्नरी आणि दौलताबादी कागदाला मान होता. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा कारागीर तिथे आले अशी तिथली परंपरा सांगते. त्या कागदाला पिठाची पातळ खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने किंवा कवडीने घोटत, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. ही युक्ती अल्बमला जशीच्या तशी लागू पडते. हातकागदाची जी बाजू लिहिण्यासाठी ठेवायची, तिच्यावर पातळ खळीचा एकच हात फिरवा आणि पूर्ण वाळल्यावर शिंपल्याच्या गुळगुळीत पाठीने घोटा. शिंपले थळला विकत घ्यावे लागत नाहीत.

सजावटीचा कागद विकत आणताना एक परीक्षा घ्या. तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून आठवडाभर खिडकीत उन्हाला ठेवा. दोन अर्ध्यांत फरक दिसला तर तो कागद दुकानातच बरा.

घडी

शिवलेल्या वहीत फोटो चिकटवत गेलं की पोट फुगतं आणि पाठ तेवढीच राहते; वही मिटत नाही. बांधणारे म्हणून प्रत्येक दोन पानांमध्ये अर्धा इंच रुंदीची पट्टी शिवून पाठ जाड करतात. पण पहिल्याच अल्बमला सुईदोऱ्याची गरज नाही. पंख्याच्या घडीचा अल्बम करा. त्याला पाठच नसते, म्हणून तो हवा तेवढा फुगतो, आणि उघडून मेजावर उभा केला की सगळ्या पानांना वारा लागतो.

हातकागदाचा ताव सहसा २२ बाय ३० इंचांचा असतो. त्यातून ६ इंच रुंद आणि ३० इंच लांब अशा तीन पट्ट्या निघतात आणि ४ इंचांची एक उरते. अल्बमला दोन पट्ट्या पुरतात. तिसरी पुढच्या अल्बमला, उरलेली खिसे आणि कोपरे करायला. पहिली पट्टी दर ५ इंचांवर दुमडा, एकदा पुढे, एकदा मागे. सहा घरं होतील. दुसरी २५ इंचांवर कापून पाच घरांची करा. तिचं पहिलं घर पहिल्या पट्टीच्या शेवटच्या घरामागे पूर्ण चिकटवा. आता एकूण दहा घरं झाली. ही संख्या सम असणं महत्त्वाचं आहे. सम घरं असली की दोन्ही टोकांची पाठ एकाच बाजूला येते, त्या पाठींना पुठ्ठे लागतात आणि पुढची बाजू सलग मोकळी राहते. अकरा घरं केलीत तर एक पुठ्ठा पुढे आणि एक मागे जाईल आणि उघडलेला अल्बम उलटसुलट दिसेल. दहा घरांत पुढच्या बाजूने दहा पानं मिळतात आणि मागच्या बाजूने आठ. हाताने केलेल्या तावाचे काठ सारखे नसतात, तेव्हा मोजूनच कापा. लांबी ३० इंच भरत नसेल तर घरं थोडी लहान धरा.

घडी पाडताना आधी पोलादी पट्टी धरून बोथट टोकाने रेघ ओढायची, मग दुमडायचं. बाजारात यासाठी हाडाची पट्टी मिळते, पण चमच्याची दांडीही चालते. कव्हरचा पुठ्ठा २ मिलिमीटर जाड, सव्वापाच बाय सव्वासहा इंच, म्हणजे चारही बाजूंनी पानाबाहेर थोडा डोकावेल. त्याला आजीचं जुनं सुती लुगडं लावा, पाऊण इंच कापड सगळीकडून आत वळवून. कोळीवाड्यातल्या लुगड्याचे काठ इतके ठसठशीत असतात की कव्हरवर दुसरी सजावट लागतच नाही. विकतच्या टिकल्या-मण्यांनी कव्हर भरून टाकायची जी टूम आहे, तिच्यापेक्षा एक सरळ काठ केव्हाही सरस. पुठ्ठा आणि शेवटचं घर यांच्यामध्ये सुती नाडी घालून मग चिकटवा, म्हणजे अल्बम बांधून ठेवता येईल. पुठ्ठ्याला एकाच बाजूने कापड लावून सोडून दिलं तर तो वाळताना वाकतो. आतून पान लागलं की दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग वर-खाली कोरे कागद देऊन सगळं पाट्याखाली दाबून ठेवायचं. मे महिन्यात एक रात्र पुरते. पावसाळ्यात हे काम करूच नये.

खळ

जुने बाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालत, म्हणजे कीड आणि बुरशी लागत नसे. चोपड्यांसाठी ते ठीक होतं. फोटोच्या अल्बमला मोरचूद नको: ते आम्लधर्मी आहे, कागदाला आणि फोटोच्या रंगाला मारक आहे, शिवाय विषारी, आणि हा छंद घरात मुलं जवळ बसवून करायचा असतो. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, मलमलीतून गाळा. दोन दिवस पुरेल तेवढीच करा. ती फक्त कागदाला कागद, कागदाला पुठ्ठा आणि पुठ्ठ्याला कापड जोडायला वापरायची. फोटोला खळ लावायचीच नाही. उरलेल्या पट्टीतून दुमडून त्रिकोणी कोपरे करा, कोपरे पानाला चिकटवा आणि फोटो त्यात अडकवा. पुढे फोटो काढून स्कॅन करायचा झाला तर तो मोकळा असतो.

पंख्याच्या घडीत पानं जोडीजोडीने समोरासमोर येतात. प्रत्येक जोडीत एका पानावर फोटो आणि समोरच्यावर मजकूर, चित्र किंवा खिसा ठेवला की फोटोवर फोटो येत नाही. काळ्या पानांच्या अल्बमातल्या पडद्याचं काम समोरचं पानच करतं. पिना, स्टेपल, लोखंडी रिंगा यांपैकी काही वापरू नका.

किनाऱ्यावरची नक्षी

आपल्याकडच्या बाइंडरांना अबरी, म्हणजे रंगांच्या लहरी उमटवलेला कागद नवा नाही. जुन्या चोपड्यांच्या आतल्या पानांवर तो दिसे. दख्खनला तर अबरीचा मोठा वारसा आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरीच्या लहरींतून घोडे आणि माणसं उभी केली. घरच्या घरी करायचं तर पसरट थाळीत डिंकाने दाट केलेलं पाणी घ्या, त्यावर रंगाचे थेंब सोडा, काडीने ओढा आणि तुरटीचं पाणी लावून वाळवलेला कागद वरून अलगद टेकवून उचला. तुरटीमुळे रंग कागदाला धरून राहतो. प्रत्येक ताव वेगळा निघतो, म्हणून मनाजोगती लहर आली की ती मधल्या घरासाठी राखून ठेवावी.

पण थळला याहून अस्सल नक्षी फुकट मिळते. हिवाळ्यात ओहोटीला खडकाळ भागात शेवाळ सापडतं: हिरव्या पातळ पापुद्र्यांचं, तांबूस बारीक फांद्यांचं, तपकिरी पंख्यासारखं. खडकाला चिकटलेलं उपटू नये; सुटून आलेलं ताजं उचलावं. गोड्या पाण्यात पटकन खळबळून मीठ काढायचं. मग थाळीत पाणी घेऊन तळाशी हातकागद सरकवायचा, वर शेवाळ तरंगू द्यायचं, काडीने फांद्या पसरायच्या आणि कागद एका कडेने तिरका उचलायचा. पाणी ओघळतं, शेवाळ पसरलेलं तसंच कागदावर बसतं. वर मलमल, त्यावर टीपकागद, त्यावर वजन. टीपकागद रोज बदलायचा. बारीक जातीची शेवाळं स्वतःच्याच चिकटपणाने कागदाला धरतात, त्यांना खळही लागत नाही. मलमल सगळ्यांत शेवटी, पूर्ण वाळल्यावर सोडवायची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या किनाऱ्यावर असे शेवाळाचे अल्बम करायचं वेड होतं. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी १८४३ पासून शेवाळांचे निळे सूर्यठसे घेऊन पुस्तक काढलं, आणि फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. शिंपले आणि वाळू मात्र पानावर चिकटवू नका. ते जाडी वाढवतात, समोरचा फोटो ओरबाडतात आणि मिठामुळे ओल खेचतात. शिंपल्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासलीत तर त्याच्या रेषा उमटतात, तेवढं पुरे.

आत काय ठेवायचं

अठरा पानं भरायला विषय एकच असावा. थळहून समोर दिसणारं खांदेरी हा एक चांगला विषय आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रज आणि सिद्दी दोघांचा विरोध पत्करून हे बेट बांधायला घेतलं. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट चढवला. खांदेरीवर १८६७ सालचा दीपस्तंभ आहे, वेताळाचं देऊळ आहे, चाकांच्या गाड्यावरची तोफ आहे आणि ठोकला की धातूसारखा वाजणारा खडक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पुढच्या दहा पानांवर होडीपासून दीपस्तंभापर्यंतचा प्रवास क्रमाने लावता येतो, आणि मागच्या आठ पानांवर परतीचा.

दुसरा विषय मला याहून मोलाचा वाटतो. थळ-वायशेतचा खतकारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला आणि आसपासच्या गावांचं रूप बदललं. कारखान्याआधीच्या शेताचा, वाडीचा, होडीचा एखादा फोटो घरात असेल, तर तो पुढच्या बाजूला लावा आणि त्याच जागेचा आजचा फोटो बरोबर त्याच्या मागच्या पानावर. मूळ फोटो एकच असेल तर अल्बमात त्याची प्रत घाला.

लग्नाचा अल्बम करणार असाल तर लग्नपत्रिका हा उत्तम सजावटीचा कागद आहे. तिच्यावरचा गणपती आणि कडेची नक्षी कापून खिशावर लावता येते. हळदीचा ठसा पानावर घेण्याची हौस पुष्कळांना असते, पण हळदीचा रंग उजेडात उडतो आणि साबण-चुन्याच्या स्पर्शाने लाल होतो. ठसा घ्यायचाच तर झाकलेल्या खिशात ठेवा. अक्षता मुळीच नकोत, किडीला ते आमंत्रण आहे. मांडव्याच्या लाँचचं किंवा एसटीचं यंत्रातून निघालेलं तिकीट उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतं, काही महिन्यांत कोरं होतं. त्याची झेरॉक्स काढून ती चिकटवा.

ठेवायचं कुठे, याचं उत्तर पुण्याच्या पेशवे दफ्तराने देऊन ठेवलं आहे. तिथली मोडी कागदपत्रं कापडाच्या रुमालांत बांधून ठेवत. सुती कापड ओल शोषतं आणि सोडतंही. प्लास्टिकची पिशवी ओल आत कोंडते. अल्बम धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, सोबत वेखंडाचा तुकडा ठेवा, आणि समुद्राकडच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. पावसाळा संपला की एक दिवस सावलीत, वाऱ्यावर, पंख्याची घडी उघडून उभा ठेवा. उन्हात नको, फोटो विटतात.

एक काम मात्र कागद कापण्याच्याही आधी करा. फोटो घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, आणि त्यातल्या माणसांची नावं, गाव, साल विचारून मऊ पेन्सिलीने फोटोमागे लिहून घ्या. पाठीला प्लास्टिकचा थर असेल तर पेन्सिल उमटत नाही. मग तेच फोटोखालच्या पानावर लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढून दिसतो.